पायलं का आयकलं

ढोबळे सर गेले तेव्हा मला वाईट वाटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. गेलेल्या माणसाबद्दल चार गोड शब्द लिहायची आपल्याकडे रीत आहे, पण ते माझ्यापाशी नाहीत. मला आठवते ती त्यांच्या कानावर खोचलेली लाल पेन्सिल. ती दोन्ही टोकांनी तासलेली असायची, म्हणजे एक टोक झिजलं तरी आमची सुटका नाही.

एकाहत्तर-बाहत्तर साल असेल. मी पारशिवनीकडच्या एका खेड्यातून नागपूरला कॉलेजात आले होते आणि मुलींच्या होस्टेलवर राहत होते. ढोबळे सर आम्हाला प्राणिशास्त्र शिकवायचे. आडनाव ढोबळे, पण ढोबळ बोललेलं त्यांना खपायचं नाही. दर शनिवारी प्रत्येकानं वहीत एक पान लिहून द्यायचं: या आठवड्यात कोणता प्राणी पाहिला, त्याचं कसं चाललं आहे, आणि त्याच्या आसपास राहणाऱ्या माणसांची तब्येत कशी आहे. अभ्यासक्रमात असलं काही नव्हतं, याला मार्कही नव्हते. तरी पान दिलं नाही की सोमवारी प्रयोगशाळेच्या दाराबाहेर ताटकळत उभं राहावं लागे.

पान परत मिळे तेव्हा समासात प्रत्येक वाक्यासमोर एक लाल अक्षर असे. पाहून लिहिलं असेल तर "पा", ऐकून लिहिलं असेल तर "ऐ". बहुतेकांच्या पानांवर वरपासून खालपर्यंत "ऐ"च असायचे. सीताबर्डीच्या एका मुलीनं लिहिलं, "जंगलातील वाघ झपाट्याने कमी होत आहेत." सरांनी भर वर्गात तिला उभं केलं. "पायलं का आयकलं?"

"सर, सगळेच म्हणतात."

"सगळे म्हणतात तर सगळ्याइचं नाव लिव. तू काहून लिवून राहिली? तुह्या गल्लीतल्या घुशीवर लिव. ते तरी तुले दिसते."

ती पोरगी रडली. वर्ग हसला. सर हसले नाहीत, ते पुढच्या वहीकडे वळले. एकानं नाग नदीच्या पाण्याला घाण वास येतो असं लिहिलं, तर त्याला "हुं" मिळालं, म्हणजे हुंगलं. तेवढाच काय तो सरांचा विनोद. स्वतः दिवसभर तंबाखू चोळायचे आणि आम्हाला आरोग्य शिकवायचे. वर्गात कुणाला शाबासकी दिलेली मी तीन वर्षांत पाहिली नाही.

आता माझं सांगते. आमची कपाशी होती, आणि कपाशीवर फवारायचं एन्ड्रिन बाबा डब्यानं आणायचे. आमच्याकडे त्याला एन्ड्रिन कोणी म्हणायचं नाही. आम्ही म्हणायचो औषध. औषध आणलं, औषध मारलं, औषधाचा डबा पोरांच्या हाताला लागू देऊ नका. त्या वर्षी पाऊस कमी पडला होता आणि गावतलाव आटून डबक्याएवढा उरला होता. रविवारी मी घरी गेले होते. दुपारी बाबांनी डब्याच्या तळाशी उरलेलं औषध तलावात ओतलं. घटकाभरात मासे उलटे होऊन वर आले. बाबांनी टोपली भरली, मासे साफ करून विहिरीच्या पाण्यात तीन वेळा धुतले आणि आईला म्हणाले, "धुतलं का काई होत नाई." खरंच त्या दिवशी कुणाला काही झालं नाही. मी मात्र ताटातला मासा बाजूला सारला. संध्याकाळी काठावर तीन बगळे पडलेले दिसले, बोटं आत वळून मूठ आवळल्यासारखी झालेली.

शनिवारी लिहायला दुसरं काही नव्हतं. बाबांचं नाव यायला नको म्हणून मी हुशारीनं लिहिलं, "काही खेड्यांत तलावात औषध टाकून मासे धरतात असे म्हणतात. त्या पाण्याने बगळेही मरतात असे ऐकले. त्यांची बोटे आत वळून मूठ आवळल्यासारखी होतात." मला वाटलं, एक "ऐ" मिळेल आणि विषय संपेल.

सरांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं. वही उघडीच होती. "औषध" या शब्दावर काट मारून वर लिहिलं होतं, "विष". "असे म्हणतात" आणि "असे ऐकले" खोडलं होतं. समासात तिन्ही वाक्यांसमोर "पा".

"आयकणाऱ्याले बगळ्याचे बोटं दिसत नाई," ते म्हणाले. "कोणं टाकलं?"

मी वही उचलायला हात पुढे केला.

"बरं, नको सांगू. घरी जाऊन एवढं सांग, का हे मासे खायाचे नाई. धुऊनबी नाई. सांगशील?"

मी मान डोलावली. वही त्यांनी ठेवून घेतली. मी घरी गेले नाही आणि सांगितलंही नाही. बापाला कोण शिकवणार? कॉलेजात दोन बुकं शिकली म्हणून पोरगी आता आम्हाला जेवायचंही शिकवते, असं बाबा म्हणाले असते. आणि खरं सांगायचं तर त्या काटलेल्या शब्दाचा मला राग आला होता. माझ्या घरात जे औषध होतं, त्याला हा माणूस विष म्हणत होता.

पुढच्या पंधरवड्यात माझी धाकटी बहीण शकू, आठ वर्षांची, बाबांनी पुन्हा तसेच धरलेले मासे खाऊन उठली आणि झटके येऊन पडली. घरी सगळ्यात आधी तिलाच वाढायचे. बाबा तिला घेऊन मिळेल त्या गाडीनं नागपूरला आले, धंतोलीतल्या एका दवाखान्यात. निरोप आला तशी मी होस्टेलवरून धावले. मैत्रिणीला एवढंच म्हणाले, शकूला झटके येऊन राहिले, मासे खाल्ले होते.

डॉक्टर मेंदूज्वर धरून चालले होते. त्यांनी बाबांना विचारलं, "याआधी काही औषध वगैरे दिलं होतं का?"

"नाई जी," बाबा म्हणाले. "औषध कायचं? काईच नाई दिलं."

ते खोटं बोलत होते की त्यांना प्रश्नच कळला नव्हता, हे मला आजही सांगता येत नाही. औषध या शब्दाचे आमच्याकडे दोन अर्थ होते आणि डॉक्टरांना एकच माहीत होता. मला दोन्ही माहीत होते. मी तिथेच भिंतीला टेकून उभी होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. तलाव सगळ्या गावाच्या गुरांचा होता. मी बोलले असते तर बाबांना गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. शकू पुन्हा ताठ झाली, पुन्हा सैल पडली. मी बोलले नाही.

मैत्रिणीकडून कळलं म्हणून ढोबळे सर सायकल हाणत आले. सरळ डॉक्टरांच्या टेबलावर माझी वही उघडून ठेवली आणि "विष" या शब्दावर बोट ठेवलं. डॉक्टरांनी वाचलं, बाबांना विचारलं, "एन्ड्रिन?" बाबांनी मान डोलावली. मग धावपळ झाली, उपचार बदलले. शकू वाचली. उजवा हात मात्र तेव्हापासून थरथरतो.

डॉक्टर भले गृहस्थ, ते मला काही बोलले नाहीत. सरांनी व्हरांड्यात घड्याळ पाहिलं. "तू कवा आली?"

"बारा वाजता."

"आता दोन वाजून राहिले. तू तं पायलं होतं. मंग बोलली काहून नाई?"

एकोणीस वर्षांच्या पोरीला, तिची बहीण आत पडलेली असताना, हे विचारायचं असतं का? दुसरा कोणी असता तर त्यानं पाठीवर हात ठेवला असता. हा माणूस दोन तासांचा हिशेब माझ्या गळ्यात बांधून सायकलवर टांग मारून निघून गेला. पुढे दोन वर्षं मी त्यांच्या वर्गात बसले, दर शनिवारी पान दिलं, आणि त्यांचा द्वेष केला.

घरात ठरलं की शकूला मेंदूज्वर झाला होता. सोयरिकीला येणाऱ्यांना तेच सांगितलं, शकूलाही तेच. मी नागपुरात नोकरीला लागले, तिला माझ्याकडे ठेवून घेतलं, आणि मीही तेच सांगत राहिले.

सर गेले ते तोंडाच्या कॅन्सरनं. घरचे लोक अल्सर म्हणायचे आणि सर त्यांना दर वेळी दुरुस्त करायचे, असं म्हणतात. हे ऐकलेलं आहे. मी भेटायला गेले नव्हते.

शोकसभेला मात्र गेले. शकूही आली, मला सोबत म्हणून. एकामागून एक लोक उठत होते. निसर्गाचे पुजारी, मायेचा सागर, विद्यार्थ्यांचे पितृतुल्य आधार. माझं डोकं फिरलं. माया कुणी पाहिली होती? अध्यक्षांनी जुन्या विद्यार्थिनींपैकी कुणी बोलावं म्हटलं आणि मी उभी राहिले. म्हणाले, "सर मायाळू नव्हते. मला ते कधीच आवडले नाहीत. मी पाहिलं ते सांगते." आणि सगळं सांगितलं. तलाव, बगळे, धंतोली, दोन तास. "माझ्या वडिलांनी पाण्यात विष टाकलं होतं," असं म्हणाले. तो शब्द मी तोंडानं तेव्हा पहिल्यांदा उच्चारला. रागाच्या भरात तिसऱ्या रांगेत बसलेल्या शकूकडे माझं लक्षच नव्हतं.

सायकलरिक्षानं मी आणि शकू परत आलो. घरी तिनं चहा केला. कप बशीवर नेहमीसारखा वाजत होता.

"तू तिथंच होती, ताई?"

"होती."

"दोन तास?"

"हो."

तिनं कप माझ्यासमोर ठेवला आणि आत जाऊन पिशवी भरली. सकाळच्या बसनं ती पारशिवनीला गेली. मी स्टँडपर्यंत मागे गेले. तिनं तिकीट काढलं आणि खिडकीपाशी बसली, पण बाहेर पाहिलं नाही.

आता तिच्या हाताबद्दल कोणी विचारलं तर ती मेंदूज्वर म्हणत नाही. "विषानं झालं," म्हणते. हे मला गावाकडचे लोक सांगतात. मी ऐकलं आहे, पाहिलेलं नाही.