घोडीला माझ्या शर्टाची भीती

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकतो. कंपनीत मशीन अडकलं तरी मी त्याला चार शिव्या हासडतो. मशीनला त्याचं काही वाटत नाही. घोडीला वाटतं, हे कळायला मला एक चांगली घोडी बिघडवावी लागली.

आमचं गाव चाकणच्या पलीकडे. निम्म्या शिवारात आता कंपन्या आहेत, घरटी एकजण तरी शिफ्टला जातो, पण बैलगाडा शर्यतीचा नाद काही सुटलेला नाही. आमच्याकडे गावच्या यात्रेला घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, बैलांच्या पुढे एक घोडी पळते आणि तिच्या मागे बैल सुटतात. घोडीवर बसणाऱ्यानं तिला पळू द्यायचं, लगाम ओढायचा नाही. बोलायला सोपं आहे, मागून चार बैल येत असतात राव!

ही घोडी मी हौसेनं आणली होती. आमचे चुलते, तात्या, जन्मभर जनावरांत वाढलेले. ते म्हणाले, "आधी नुसती बैलांसंगं चालू दे तिला. त्यांचा वास, आवाज अंगवळणी पडू दे. सहा म्हयनं तरी जातील." मला कुठला एवढा दम! पंधराव्या दिवशी फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर, अंगातला कंपनीचा निळा शर्टही न काढता, मी तिला सरावाला घाटात नेलं.

अर्ध्यावर मागून खुरांचा आवाज आला आणि माझी पाचावर धारण बसली. मी लगाम ओढला. घोडी जागीच वळली, मी खाली आपटलो आणि बैल थोडक्यात बाजूनं निघून गेले. लोक हसले. उठलो तो तिडकीनंच, आणि घोडीच्या तोंडावर चाबूक ओढला. एकदा नाही, तीनदा.

घरी सांगितलं, "घोडी नाठाळ आहे. मध्येच थांबते."

थोरला भाऊ म्हणाला, "मग इकून टाकू. यात्रंला दुसरी बघू."

नाठाळ म्हणून विकलेल्या घोडीचे पुढे काय हाल होतात, ते मला चांगलं ठाऊक होतं. तरी मी गप्प बसलो. आज लिहितानाही लाज वाटते.

त्यानंतर मी गोठ्यात पाऊल टाकलं की ती भिंतीला अंग चिकटवून थरथरायची. बायकोच्या हातून मात्र घास खायची. एकदा बायको माझा मळका निळा शर्ट खांद्यावर टाकून धुवायला निघाली होती, तर घोडी तिलाही बघून मागे सरली.

"अहो, ही तुमच्या शर्टाला भिते," बायको म्हणाली. "काय केलंत हो हिला?"

मी शर्ट तिच्या खांद्यावरून काढून घेतला. संध्याकाळी तात्यांपुढे जाऊन बसलो. "तात्या, घोडी थांबली नव्हती. मीच भ्यालो. मी लगाम ओढला."

"ठावं हाय मला," तात्या म्हणाले. "लगामानं तोंडाच्या कडा सोलल्या हुत्या तिच्या. तू कवा बोलतुयास, तेवढंच बघत हुतो."

भावालाही सांगितलं. तो म्हणाला, "यात्रंपत्तुर थांबतो. तवर तुझ्या हाताला आली न्हाई, तर मी इकणार."

तात्यांनी तो शर्ट न धुताच गव्हाणीच्या वर खिळ्याला टांगायला लावला. खाली हरभरा. दोन दिवस घोडीनं हरभऱ्याला तोंड लावलं नाही. म्हटलं, काढून टाकू का शर्ट? तात्या म्हणाले, "ऱ्हाऊ दे. घाई तुला हाय, तिला न्हाई."

शिफ्टवरून आलो की मी गोठ्यात उलट्या बादलीवर बसायचं. हात मांडीवर, तोंड बंद. तात्या मोबाइलसुद्धा काढू द्यायचे नाहीत. काय जड जातं म्हणून सांगू! तिसऱ्या दिवशी तिनं मान लांब करून चार दाणे उचलले. दोनेक आठवड्यांनी मी तोच शर्ट अंगात घालून बसलो. पुढे तिनं खरारा करू दिला, आधी पाठ, मग मान. जिथे चाबूक लागला होता तिथे हात लावायला दिवाळी उजाडली.

मग कंपनीच्या भिंतीकडच्या शेतात तिला रोज बैलांच्या पुढे चालवलं. नुसतं चालवलं. रस्त्यावर कंटेनर हॉर्न देत जायचे आणि ती कान टवकारून माझ्याकडे बघायची.

यात्रेच्या दिवशी चाबूक घरीच ठेवला आणि निळा शर्ट घातला. भाऊ म्हणाला, "यात्रंला कुणी कंपनीचा डरेस घालतं व्हय रं?"

घाटात मागून खुरं वाजली. भ्यालो तर होतोच, खोटं कशाला बोलू! पण लगाम सैल सोडला आणि ती पळाली. वरपर्यंत पळाली. आमचा नंबर काही आला नाही.

वर पोचून मी घोडीवरून उतरलो, तोच गर्दीनं घेरलं. कुणीतरी भंडारा उधळायला अगदी तिच्या तोंडाजवळ हात उगारला. घोडी दचकली. म्हटलं, झालं, आता उधळणार. तिनं मान वळवली आणि तोंड माझ्या काखेत, त्या निळ्या शर्टात खुपसलं. अंगभर कापत होती, पण जागची हलली नाही.

मी तिच्या मानेला धरून सगळ्या गावासमोर रडलो. थोरला भाऊ दोन्ही हातांनी गर्दी मागे सारत होता आणि ओरडत होता, "हात खाली घ्या रं, हात खाली! आमची घोडी भितीया."