एल्मरिजचे हरलेले

कालगुर्लीहून निघताना मला मागची सीट मिळाली आणि तिथूनच माझं डोकं फिरायला लागलं. गाडी प्रसादची, गाडीला जोडलेली कॅरॅव्हॅन प्रसादची आणि पुढच्या सीटवर ऐसपैस बसलेले वडीलही प्रसादचेच. मी आपला मागे, ईस्की (बर्फ भरलेली थंड पेटी) मांडीशी धरून.

प्रसाद माझ्याच गावचा, माझ्याच वर्गातला. त्याचे वडील, म्हणजे आमचे काका, काकूंना घेऊन तीन महिन्यांसाठी नातवाचं तोंड बघायला ऑस्ट्रेलियात, पर्थला आले होते. तेवढ्यात करोना आला, सीमा बंद झाल्या आणि दोघं इथेच राहिले. त्याला वर्ष उलटून गेलं. लोक हळहळतात, ‘अडकले बिचारे!’ कसले बिचारे? सकाळी नदीकाठी फिरायचं, दुपारी नातवाबरोबर झोपायचं, संध्याकाळी लेकाच्या हातचं बार्बेक्यू. असं अडकलेलं माणूस मलाही चाललं असतं. माझे आबा गावी एकटे होते. आई जाऊन चार वर्षं झाली होती. तिकडे दर दोन दिवसांनी कुणीतरी गेल्याचा निरोप यायचा आणि इकडे आम्ही बिनामास्कचे ईस्टरची सुट्टी साजरी करत होतो. मी कालगुर्लीच्या खाणीत इंजिनियर आहे, रजा मागितली असती तर मिळाली असती. पण एकदा देशाबाहेर पडलो की परत आत घेतील याची खात्री नव्हती.

तर काकूंना नातवापाशी ठेवून काकांना सोन्याची खाण दाखवायला प्रसाद कालगुर्लीला आला होता. परतताना म्हणाला, “शेखर, तू पण चल ना. दोन दिवस गव्हाच्या मुलखात राहू. मेरेडिनहून ट्रेनने परत ये.” घरी बसून करणार काय? निघालो.

रस्ता सरळसोट. शेजारून पाण्याची जाडजूड पाइपलाइन धावते, ती मैलोन्मैल साथ सोडत नाही. आधी लाल माती आणि चकाकत्या सालीची गमची (निलगिरीची) झाडं, मग मिठाची पांढरी तळी, मग हळूहळू शेतं सुरू झाली. गहू केव्हाच निघाला होता, पॅडॉकमध्ये (तारेचं कुंपण घातलेलं शेत) नुसती पिवळी धसकटं. प्रसाद प्रत्येक गोष्टीची माहिती देत होता. “पाहा बाबा, उजवीकडे धान्याचा सायलो! डावीकडे मेंढ्या!” तोच खणखणीत आवाज. या आवाजाशी माझं जुनं वैर आहे.

सतरा वर्षांपूर्वी आबा विधानसभेला अपक्ष उभे राहिले होते. चिन्ह कपबशी. कुणी उभं केलं नव्हतं, शाळामास्तर माणूस, आपल्या हिमतीवर उभे राहिले. रिक्षाला भोंगा बांधला आणि त्यात बसून बोलायचं काम आबांनी प्रसादला दिलं. ‘तुझा आवाज बसका आहे रे,’ मला म्हणाले आणि माझ्या हातात खळीची बादली दिली. महिनाभर मी गावोगाव भिंतींना कपबशी चिकटवत होतो आणि प्रसाद रिक्षात बसून ‘ताई-माई-अक्का’ करत होता. आबा लोकांना सांगायचे, “काय पोरगं बोलतं!” पोरगं म्हणजे मी नव्हे. आबांचं डिपॉझिट गेलं. पुढे पुनर्रचनेत तो मतदारसंघच गेला, अर्धा इकडच्या तालुक्याला जोडला, अर्धा तिकडच्या.

हे सगळं मागच्या सीटवर बसून उगाळत होतो, एवढ्यात फाडकन आवाज झाला. कॅरॅव्हॅनचं चाक बसलं होतं. प्रसाद उतरला, जॅक काढला, तो जॅक कॅरॅव्हॅनला पुरेना. मनात म्हटलं, बरं झालं! आणि लगेच स्वतःची लाज वाटली, कारण ऊन मी म्हणत होतं आणि माशा काकांच्या नाकात शिरत होत्या.

अर्ध्या तासाने एक यूट (मागे उघडा हौदा असलेली गाडी) धूळ उडवत आली. चालवणारी बाई ऐंशीच्या घरातली, डोक्यावर पुरुषी टोपी, शेजारी कुत्रा. नाव जून. तिने चाकाकडे पाहिलं, मग काकांकडे.

“नो वरीज,” ती म्हणाली. “आर्वोला (दुपारनंतर) माझा मुलगा येऊन बदलेल. या म्हाताऱ्याला आधी सावलीत बसवू. चला घरी.”

फाटकावर लोखंडी अक्षरांत नाव होतं, ‘एल्मरिज’. घराशेजारी मेंढ्यांची लोकर कापायची जुनी शेड होती. दारावर करोनाच्या नोंदीसाठी चेक-इनचा क्यूआर कोड चिकटवलेला. चार-पाच मैलांत माणूस नाही, पण आम्ही तिघांनी रांगेत उभं राहून इमानदारीत स्कॅन केलं. आत गेलो आणि समोरची भिंत पाहून मी थबकलोच.

भिंतभर एक लाकडी फळा होता. डावीकडे पांढऱ्या रंगात बारीक अक्षरांत नावं. इतकी बारीक की जवळ जाऊन वाचावी लागत होती. उजवीकडे सोनेरी रंगात हातभर मोठी नावं.

“कोण हे?” प्रसादने विचारलं. “सोनेरी म्हणजे जिंकलेले?”

“हरलेले,” जून म्हणाली. “जिंकलेले ते बारीक.”

एल्मरिज हा इंग्लंडमधला एक खेड्यापाड्यांचा मतदारसंघ. तिचे पणजोबा तिथले पिठाच्या गिरणीचे मालक. ते पार्लमेंटला उभे राहिले, समोर मोठा जमीनदार होता आणि पणजोबा सात मतांनी पडले. सात! आबांना साठ हजार कमी पडली असतील. पणजोबांनी गिरणी विकली आणि ऑस्ट्रेलियाची बोट धरली. इथे आल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर हा फळा रंगवला. जुन्या निवडणुकांपासून सुरुवात केली. पुढे त्यांच्या मुलाने इथे जमीन घेतली, तेव्हा फळा बैलगाडीतून इथवर आला. इंग्लंडहून नातलग दर निवडणुकीचा निकाल पत्राने कळवायचे आणि घरातला कर्ता पुरुष शिडीवर चढून दोन नावं लिहायचा, एक बारीक, एक मोठं.

“आणि शेवटची ओळ?” मी विचारलं. तिथे डावीकडे काहीच नव्हतं. उजवीकडे सोन्याने फक्त ‘एल्मरिज’ लिहिलं होतं.

“ती माझ्या वडिलांनी लिहिली. मतदारसंघच बरखास्त झाला. शेजारच्या दोघांनी वाटून घेतला. वडील म्हणाले, या वेळी एल्मरिजच हरलं.”

काय सांगू, माझा जळफळाट झाला. एक मुलूख नकाशावरून गेला, तिथल्या लोकांनाही आता तो आठवत नसेल, आणि इथे पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, मेंढ्यांच्या शेडमध्ये त्याचे हरलेले लोक सोन्यात उभे! माझ्या आबांचं नाव कुठे आहे? कुठल्यातरी सरकारी कागदावर, शेवटून तिसरं. माझ्यासारख्या मुलाने शिडी सोडा, साधी पेन्सिलसुद्धा उचलली नाही.

जूनने चहा आणला. कपबशीतून. काकांनी बशीत ओतला आणि फुर्र केला, तर ती बाई खूश झाली. तिचे आजोबाही तसाच प्यायचे म्हणे. मग ती कपाटातून एक फाटकी वही घेऊन आली.

“हे पोलबुक (कुणी कुणाला मत दिलं त्याची छापील यादी). तेव्हा गुप्त मतदान नव्हतं. सगळ्यांसमोर नाव घ्यायचं आणि मग अशी वही छापून विकायचे.” तिने एका नावावर बोट ठेवलं. “हा पणजोबांचा सख्खा भाऊ. याचं मत जमीनदाराला.”

“बाप रे!” प्रसाद म्हणाला. “सात मतांनी हरले, म्हणजे भावाच्या मताने काही फरक पडला नसता.”

“सहा परक्यांचं त्यांना काही वाटलं नाही. बोट धरली ती या एकासाठी,” जून म्हणाली.

ती किटली भरायला घरात गेली. काका बराच वेळ ती वही उलटत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “दत्ताला असली वही मिळायला हवी होती.” दत्ता म्हणजे माझे आबा.

“कशाला?”

“जाऊ दे. जुनं झालं.”

“काका, सांगा ना.”

“अरे, मतदान मशीनवर झालं होतं, त्यामुळे बूथवार आकडा कळला. आमचं बूथ वेगळं. तुमच्या बूथवर कपबशीला मतं किती? तीन. तुमच्या घरात तेव्हा माणसं चार. दत्ता, त्याची बहीण अक्का, तू आणि तुझी आई. निवडून आला तो तुझ्या आईच्या माहेरचा, तिचा चुलतभाऊ. दत्ताच्या डोक्यात बसलं ते बसलंच, हिने माहेरच्या माणसाला मत दिलं.”

“आईला विचारलं नाही?”

“कधीच नाही. पण सासुरवाडीला पुन्हा पाय ठेवला नाही. तुझी आई गेली, त्या दिवशी मला म्हणतो, ‘सगळं केलं रे हिने माझं, पण एक मत नाही दिलं.’”

प्रसाद माझ्याकडे बघत होता. मी फळ्याकडे बघत होतो.

ते मत माझं होतं. वाचकहो, तुमच्यापासून काय लपवायचं? अठरा नुकतीच पूर्ण झाली होती, पहिलंच मतदान. पुठ्ठ्याच्या आडोशामागे उभा राहिलो, कपबशी समोर होती. महिनाभर मीच चिकटवलेली. आणि कानात घुमत होतं ते आबांचं ‘काय पोरगं बोलतं!’ मी मामांचं बटण दाबलं. मशीन पीं करून वाजलं आणि मला फार बरं वाटलं. राजकारण-बिजकारण काही नाही, निव्वळ जळून दाबलं. निकालानंतर भीती वाटली, मग लाज वाटली, मग वाटलं, आबा विसरले असतील. दरवर्षी दिवाळीनंतर आई एकटी एसटीने माहेरी जायची. आबांना गर्दी सोसत नाही, असं ती सगळ्यांना सांगायची. मीच तिला स्टँडवर सोडायला जायचो.

जूनचा मुलगा आला, चाक बदललं, पण तोवर ऊन उतरलं होतं म्हणून जूनने आम्हाला तिथेच ठेवून घेतलं. मटण रोस्ट आणि भोपळा. काकांनी कॅरॅव्हॅनमधून लसणाची चटणी आणली, जूनने ती लोण्यासारखी पावाला थापली आणि डोळ्यांतून पाणी काढत ‘लव्हली’ म्हणाली. सगळे हसले. मी भोपळा ताटात इकडून तिकडे सरकवत होतो.

सकाळी प्रसाद कॅरॅव्हॅन जोडत होता, तेव्हा मी पुन्हा शेडमध्ये गेलो. जून कुत्र्याला पाणी देत होती.

“भावाने जमीनदाराला मत का दिलं, ते कळलं का पुढे?” मी विचारलं.

“वहीत ‘का’ लिहिलेलं नसतं, मेट (मित्रा). आणि पणजोबांनी विचारलंच नाही. एक प्रश्न विचारायचा सोडून बोटीत बसला तो येडा माणूस.” तिने बादली खाली ठेवली. “आणि त्या भावानेही आपण होऊन सांगितलं नाही.”

मेरेडिनच्या स्टेशनवर प्रसादने मला सोडलं. तो बॅग उतरवून देत म्हणाला, “शेखऱ्या, तेव्हा रिक्षात तूच बसायला पाहिजे होतंस. मला पण कळत होतं रे.” त्याला केव्हापासून कळत होतं, देव जाणे. त्याचं हे समजूतदार असणंसुद्धा माझ्या डोक्यात गेलं. काकांना नमस्कार केला आणि गाडी दिसेनाशी झाल्यावर आबांना फोन लावला. तिकडे सकाळचे साडेसात वाजले होते.

“चहा झाला का, आबा?”

“झाला. काल लस घेऊन आलो. हात दुखतोय. तू कुठेस?”

“स्टेशनवर. आबा, निवडणुकीत आपल्या बूथवर तीनच मतं पडली होती ना? चौथं पडलं नाही, ते माझं. मी कपबशीचं बटण दाबलंच नव्हतं.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“आबा?”

“तू दाबलं नव्हतंस?”

“नाही.”

“म्हणजे माझं एक.” ते मोजत होते. “अक्काचं एक. आणि हिचं.”

“हो, आबा.”

“हिचं मत मला होतं.”

“हो.”

मी वाट बघत उभा राहिलो. आता शिव्या येतील, गाढवा म्हणतील, का केलंस असं विचारतील. त्याचं उत्तर सतरा वर्षं तयार होतं माझ्याकडे. बादली, भोंगा, प्रसाद, सगळं ओळीने सांगणार होतो.

“ठेव आता,” आबा म्हणाले. आवाज मला ओळखूच आला नाही. “हिच्या माहेरी फोन लावायचाय.”

आणि फोन बंद झाला.

ट्रेन आली, बसलो. खिडकीतून पुन्हा तीच पाइपलाइन, धसकटं, मग मिठाची तळी, मग लाल माती. दोन वेळा आबांना फोन लावला, दोन्ही वेळा लाइन बिझी. माझ्यावर ते रागावले नव्हते. ‘का’ म्हणून एका शब्दाने विचारलंसुद्धा नव्हतं. एवढा मोठा गुन्हा कबूल केला, त्यात मी होतोच कुठे? होती ती आई. कालगुर्ली येईपर्यंत मी फोन हातात धरून बसलो होतो, आणि खरं सांगतो, प्रसादचासुद्धा कधी वाटला नव्हता, इतका मला तिचा हेवा वाटत होता.