लाखोळीचं चित्र आणि भिलाईच्या दोन खेपा

नात म्हणाली, आजोबा, ब्लॉगवर एखादं प्रवासवर्णन लिहा, लोक आवडीनं वाचतात. मी म्हटलं, सांगण्यासारखा प्रवास मी एकच केला, तोही नागपूर ते भिलाई आणि तोही नोकरी वाचवायला. ती म्हणाली, चालेल. तर लिहितो. कुणाला याच वाटेनं जायचं असेल तर रस्ता माझ्याकडून घ्यावा, दर घेऊ नयेत. ते नवे पैसे खरोखर नवे होते तेव्हाचे आहेत.

तेव्हा मी नागपुरातल्या एका कॉलेजात, वनस्पतिशास्त्र विभागात, हंगामी मदतनीस होतो. बरण्या पुसायच्या, वाळवलेल्या रोपांमध्ये डांबराच्या गोळ्या ठेवायच्या आणि एका कपाटाची किल्ली सांभाळायची, एवढंच काम. कपाटात शेंगांच्या कुळाची जुनी चित्रं होती. पळस, पांगारा, करंज, बाभूळ, तूर, वाल, लाखोळी. त्याच्याही शंभरेक वर्षं आधी कुण्या गोऱ्या डॉक्टरानं एका देशी चिताऱ्याकडून ती हातानं रंगवून घेतली होती. डॉक्टरचं नाव प्रत्येक चित्राखाली वळणदार अक्षरात होतं, चिताऱ्याचं कुठेच नव्हतं. आमचे विभागप्रमुख सर ती चित्रं दाखवताना श्वाससुद्धा मान वळवून सोडायचे.

सर परीक्षेच्या कामासाठी दहा दिवस जबलपूरला गेले. परत आल्यावर माझ्या कायम नेमणुकीचा कागद पुढे जायचा होता. त्याच आठवड्यात मी कपाटातली चित्रं झटकायला काढली आणि भूक लागली म्हणून डबा तिथेच टेबलावर ठेवला. डब्यात आईनं केलेले लाखोळीच्या डाळीचे वडे होते. डब्याचं झाकण आमच्या घरच्या सगळ्या झाकणांसारखंच, बसल्यासारखं दाखवणारं. वडे खाऊन डबा उचलला तर खालच्या चित्राचा अर्धा भाग तेलानं पारदर्शक झालेला. चित्र होतं लाखोळीचं. देवाला विनोद करायचा असला की तो असा वेळ काढून करतो.

मला एकच माणूस आठवला. माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, भिलाईला कारखान्याच्या बांधकामावर एका ठेकेदाराकडे नकाशे काढायला होते. आमच्या भंडाऱ्याकडच्या शेतकरी खानदानात सरळ रेघ मारता येणारा तेवढा एकच. चित्र दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधलं, आजारपणाची चिठ्ठी दिली आणि सकाळची पॅसेंजर धरली.

तिसऱ्या वर्गाचं तिकीट पाच रुपयांच्या वर काही नवे पैसे. गोंदियाला चहा बरा मिळतो, डोंगरगडला मिळत नाही. डब्यात निम्मी माणसं भिलाईलाच निघालेली. कुणी फिटर, कुणी गवंडी, कुणी नुसताच. पुठ्ठे मी मांडीवर धरले होते. समोरच्या माणसानं कारखान्याचा नकाशा आहे का विचारलं आणि मी नाही म्हणेपर्यंत मला खिडकीची जागा मिळालीसुद्धा. पुढे दुर्गपर्यंत मी कुणालाच काही नाही म्हटलं नाही.

दुर्गहून बसनं भिलाई. अजून गाव नव्हतं तिथे, गावाची तयारी होती. लाल धूळ, ट्रकांची रांग, माळावर एकसारखी घरं आणि मागे धुराडी. बाजारात एक रशियन इंजिनिअर भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा टरफलांसकट चावत होता आणि शेंगवाला त्याला हातवारे करून समजावत होता. भाऊजींचं पत्र खिशात होतं: सेक्टर दोन, दारावर वालाचा वेल असलेलं घर, चुकणार नाहीस. भाऊजी हे विसरले की त्या रांगेतली सगळीच माणसं आमच्याकडची. अख्ख्या रांगेत प्रत्येक दारावर वालाचा वेल होता. मी दोन घरांत हात-पाय धुऊन, एका घरी चहाही पिऊन, मग ताईकडे पोहोचलो.

ताईनं पाटवडी केली होती. जेवण झाल्यावर भाऊजींनी चित्र उजेडात धरलं, वास घेतला आणि म्हणाले, "वडे चांगले होते वाटते." मग मी काय हवंय ते सांगितलं: हुबेहूब नक्कल, आठवड्याच्या आत, सरांना कळणार नाही अशी. भाऊजींनी नकारार्थी मान हलवली. रंगांचा प्रश्न नव्हता, शेजारच्या मास्तरकडे पेटी होती. पण तेलाखाली निम्मं खोड गेलं होतं, खालची पानं गेली होती, आणि न दिसलेली वस्तू काढणं त्यांच्या धर्मात बसत नव्हतं.

"चित्र पाहून चित्र नाही काढत मी. साइटवर जाऊन माप घेतो, मग काढतो," ते म्हणाले. "उद्या रुआबांध्याले जाऊ. तिकडं धानाच्या बांध्यांत तिवरा उभा आहे. तिवरा म्हंजे आपली लाखोरीच."

दुसऱ्या दिवशी रविवार. दोघं एका सायकलवर निघालो. जानेवारीचं ऊन, धान कापून झालेलं आणि त्याच्या खुंटांतून लाखोळी फुललेली, निळी. धान उभं असतानाच ओल्या मातीत बी फेकतात, तसं आमच्या गावीही फेकतात. लहानपणापासून मी ती खाल्ली, तिच्यात लोळलो, तिची कोवळी भाजी खुडली. त्या दिवशी प्रथमच तिच्यासमोर उकिडवा बसलो.

भाऊजींनी पिशवीतून टेप, कॅलिपर आणि वही काढली. मी टेपचं एक टोक धरलं आणि ते आकडे सांगू लागले. पान इतकं, देठ इतका, शेंग इतकी. रोप कुठलं हे नंतर सापडावं म्हणून त्यांनी सवयीनं बांधाच्या कोपऱ्यात एक खुंटीही ठोकली. आणि तिथेच घोळ झाला.

त्या काळी भिलाईच्या आसपास पँट घातलेली दोन माणसं शेतात टेप घेऊन बसली की त्याचा एकच अर्थ होता: जमीन कारखान्यात जाणार. वर खुंटी. आम्ही तिसऱ्या पानावर होतो तोवर बांधावर वीस-पंचवीस माणसं जमली होती. त्यांच्यापुढे शेताची मालकीण उभी होती, सुकवारो बाई, पन्नाशीची, हातात विळा.

"का नापत हव, बाबू?" तिनं विचारलं.

भाऊजी म्हणाले, फूल मोजतोय. खरं बोलून माणूस एवढा खोटा दिसलेला मी पुन्हा पाहिला नाही. एक म्हातारा हसला. एकानं शांतपणे खुंटी उपटून सायकलच्या कॅरिअरला लावली. जनावरांच्या वैरणीचं फूल मोजायला सरकार रविवारी माणसं पाठवतं, हे त्यांनी का मानावं? मी घाबरून पुठ्ठे उघडले आणि चित्र तिच्यासमोर धरलं. म्हटलं, हे बघा, हे खराब झालंय, हेच पुन्हा काढायचंय, तुमच्या जमिनीशी आमचं काही नाही.

बाईनं विळा कमरेला खोचला आणि चित्र बराच वेळ पाहिलं. तेलाचा डाग तिनं पाहिलाच नाही. वरच्या, धड राहिलेल्या खोडावर बोट ठेवून म्हणाली, "ए तिवरा नोहय."

मी म्हटलं, बाई, हे शंभर वर्षांचं चित्र आहे.  तिनं एक रोप उपटलं आणि त्याचं खोड माझ्या बोटांत देऊन फिरवायला लावलं. खोड गोल नव्हतंच. दोन्ही बाजूंनी पातळ हिरवी पट्टी, वरपासून खालपर्यंत. "तिवरा के डारा मा पाँखी रहिथे," ती म्हणाली. पाँखी म्हणजे पंख. चित्रातलं खोड तारेसारखं गोल होतं. त्या बिचाऱ्या चिताऱ्याला डॉक्टरनं वाळून कोळ झालेलं रोप दिलं असणार. भाऊजी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. दोघंही लाखोळीवर पोसलेले, आणि दोघांनाही त्या पट्ट्या ठाऊक नव्हत्या.

यावर बांधावरच्या लोकांचा आमच्यावर विश्वास बसला. इतकी अडाणी माणसं जमीन मोजायला येणार नाहीत असं त्यांचं मत पडलं. बाईनं काट्या पेटवून हिरव्या शेंगा भाजून दिल्या आणि ताईसाठी भाजी बांधून दिली. तिथे कुणी गेलंच तर तिवऱ्याची भाजी लसूण-मिरचीत खावी, वर भात.

माझं संकट मात्र दुप्पट झालं. सरांना हवं होतं ते चुकीचं खोड. परत येताना मी कॅरिअरवरून भाऊजींना विनवलं की मुकाट्यानं गोल काढा, कुणाचं काय जातंय. ते पायडल मारत म्हणाले, "साइटशी जुळत नाही ते ड्रॉइंग माह्या हातून नाही निघत. तुले नोकरी पाहिजे का लाखोरी?" मला नोकरी पाहिजे होती, आणि तसं मी स्पष्ट सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही.

चार दिवसांत चित्र झालं. फार सुंदर झालं, निळा रंग तर शेतातूनच उचलल्यासारखा. पण भाऊजींचा हात सवयीचा. खाली उजव्या कोपऱ्यात त्यांनी चौकट आखली. काढणार: स्वतःचं नाव. बदल १: खोडास पंख जोडले. तपासणार: आणि पुढे रिकामी जागा. तपासल्याशिवाय ड्रॉइंग बाहेर जात नाही म्हणून आम्ही पुन्हा रुआबांध्याला गेलो. बाईनं चित्र पाहिलं, खुश झाली, पंखांवरून बोट फिरवलं. भाऊजींनी शाईचा पॅड पुढे केला आणि तिनं हात पदराआड घेतला. कागदावर अंगठा ती देणार नव्हती. कुठल्याच कागदावर नाही. ज्यांनी दिला त्यांची शेतं गेली होती. आम्ही फार आग्रह केला नाही.

सर आले. मी दोन्ही चित्रं, वाळवलेलं रोप आणि माझा राजीनामा असं सगळं एकदम टेबलावर ठेवलं. त्यांनी भिंग घेऊन रोप पाहिलं, मग जुनं चित्र, मग नवं. मग खुर्चीत बसून म्हणाले, "मी पंधरा वर्षं पोरांना गोल खोड शिकवलं." थोड्या वेळानं त्यांनी राजीनामा घडी घालून मला परत दिला आणि चौकटीवर भिंग धरलं. तपासणाराची सही कुठे आहे? मी अंगठ्याची गोष्ट सांगितली. त्यांनी सगळी ऐकून घेतली आणि निवाडा दिला: सहीशिवाय चित्र कपाटात जाणार नाही, आणि चित्र कपाटात जात नाही तोवर माझ्या नेमणुकीचा कागदही ड्रॉवरमध्येच राहील. आधी भाऊजी, आता हे. जगात काटेकोर माणसं फार नसतात म्हणतात, माझ्या वाट्याला सगळी आली.

दुसरी खेप त्या अंगठ्यासाठी, पुढच्या हिवाळ्यात झाली. तीच पॅसेंजर, पुठ्ठे मांडीवर, खिडकीची जागा. भाऊजींनी सायकल काढली खरी, पण रस्ताभर बोलले नाहीत. तिथे पोहोचल्यावर कारण कळलं. शेत नव्हतं. पायाचे चर होते, विटांचे ढीग होते, आणि कोपऱ्यात, आम्ही खुंटी ठोकली होती तिथेच जवळपास, दुसऱ्या कुणाची खुंटी होती. मी भाऊजींना विचारलं की हे तुम्हाला ठाऊक होतं का. "नकाशा माह्याच हातचा आहे," ते म्हणाले, आणि सायकलची साखळी उगाच तपासू लागले.

सुकवारो बाई तिथेच कामाला होती, डोक्यावर विटा. आम्हाला पाहून तिनं विटा उतरवल्या आणि मोठ्यानं हसली. "मैं कहे रहेंव न, नापे बर आय हव," ती म्हणाली. मोजायलाच आला होतात, म्हटलं नव्हतं का, असं ती विचारत होती; मला तोंड वर करवेना. तुमच्या जमिनीशी आमचं काही नाही, असं मीच तिला सांगितलं होतं.

ते चर पाहूनच मी पुठ्ठे उघडायचे नाहीत असं ठरवलं होतं. तिनंच ते हातातून घेऊन उघडले आणि तिवरा पाहिला. मग हजेरीच्या मुनीमाकडून पॅड मागून आणला, अंगठा जांभळा केला आणि भाऊजींनी दाखवलेल्या चौकटीत नीट दाबला. "तुमन ला नइ देंव, ओमन ला दे देंव," ती म्हणाली. "अब का के डर?" आम्हाला न दिलेला अंगठा तिनं शेत घेणाऱ्यांना देऊन टाकला होता.

नोकरी कायम झाली. निवृत्त होताना सरांनी ते चित्र मला दिलं, कपाटात जागा नाही असं खोटं कारण सांगून. भाऊजी गेले, सर गेले. रुआबांध्याच्या त्या भागात आता घरं आहेत आणि बऱ्याच दारांवर वालाचा वेल आहे.

काल नातीनं या लेखासाठी चित्र स्कॅन केलं. पडद्यावर मोठं करून फूल, शेंग, खोडाचे पंख मला दाखवले. फारच छान आलंय म्हणाली, फक्त खाली कोपऱ्यात एक जांभळा डाग आहे, तो पुसून टाकू का?

मी तिचा हात धरला. म्हटलं, बाकी काय पुसायचं ते पूस, तो राहू दे. चित्र तपासलेलं आहे.