धीर देणारे दीर

१२ जुलै, शनिवार. मॅचसाठी संत्री चिरते आहे आणि वैतागले आहे. माझ्या चुलत दिरांइतका धीर देऊन माणसाला घायाळ करणारा दुसरा कोणी अख्ख्या सिंगापुरात सापडणार नाही. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी कुठेतरी वाचलं, की हल्ली परदेशी क्लब खेळाडूंचं मन सांभाळायला चॅप्लेन ठेवतात, म्हणजे आपला एक धर्मोपदेशकच. लगेच आमच्या मराठी क्रिकेट क्लबात त्यांनी ते पद स्वतःला देऊन टाकलं. पोरांना वाटलं, भटजी आले. बॅटची पूजा सांगा म्हणाली पोरं. "मी पूजा सांगत नाही, धीर देतो!" भावजी कडाडले. तेव्हापासून ते धीरकाका. शून्यावर बाद झालेल्याला ते गाठतात आणि "शून्य म्हणजे पूर्णत्व, बाळा," असं सुरू करून पुढची विकेट पडेपर्यंत थांबत नाहीत. कॅच सुटला, की "सोडण्यातच त्याग आहे." परवा एक जण बाद झाला तो पॅडसकट एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत बसून घरी गेला. तक्रारी माझ्याकडे, कारण सेक्रेटरी मी. उद्याच्या बैठकीत हे पद रद्द करायचं मी ठरवलंय, आणि तसं भावजींना सांगितलंयही.

रात्री. आज मॅचमध्ये आमचा बोलर केदार ओव्हर अर्धवट टाकून स्कोअरबोर्डामागे जाऊन बसला. भावजी निघाले. त्याला सोडवायला मी संत्री घेऊन मागोमाग.

"काका, नोकरी गेली," केदार म्हणत होता. "इथे राहायचा पास रद्द होईल. मेघनाला अजून सांगितलं नाहीये. बाळ सहा महिन्यांचं आहे."

आता व्याख्यान, मी मनात म्हटलं. भावजी नुसते त्याच्या शेजारी गवतात बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "सांगताना मी येऊ?"

"वर नको. बिल्डिंगखाली थांबाल?"

संध्याकाळी दोघं पुंगोलला केदारच्या घरी गेले.

१३ जुलै, रविवार. सकाळी थालीपीठ घेऊन मी भावजींकडे गेले. "काय झालं हो?"

"ते मी सांगायचं नाही, वहिनी. मेघनाला फोन करा."

केला. "कळलं मला, ताई," ती म्हणाली. "काकांना आम्हीच वर बोलावलं. बाळाला मांडीवर घेऊन बसले होते. एक शब्द बोलले नाहीत."

केदारचा बायोडाटा आजच पाठव म्हटलं, आमच्या ऑफिसात विचारते. बैठकीतला पद रद्द करायचा विषय काढून टाकला. भावजी खाली मान घालून थालीपीठ खात होते, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला वाटलं, यांनी काहीतरी बोलावं.