पाळण्यावरचा राजपुत्र

आज माझ्या भावाला झुपकेदार मिशी आहे, पण पहिलं वर्षभर तो झग्यात वाढला, आणि तो झगा माझ्या बहिणीचा होता. हे आठवलं की मला अजून शिसारी येते. त्याची नाही, त्या बिचाऱ्या तान्ह्याला काय कळत होतं. घरच्या मोठ्यांची.

तो झाला तेव्हा मी आठवीत होते आणि बहीण चार वर्षांची. आमच्या दोघींमधली दोन बाळं राहिली नव्हती. म्हणून आईने म्हसा गावच्या देवाला नवस बोलला होता, मुलगा दे, त्याचं जावळ तुझ्या दारात काढीन. देवाने ऐकलं आणि मग सुरू झाली नजरेची भीती. नवसाचं पोर, लोकांच्या डोळ्यांवर येणारच. त्यावर आमच्याकडे जुना उपाय आहे, मुलाला मुलगी करायचं. नाक टोचायचं, केस वाढू द्यायचे, नाव उकिरड्यावरचं ठेवायचं आणि अंगात पोरीचे कपडे घालायचे. म्हणजे नजर आली तरी म्हणेल, हॅ, पोरगीच तर हाय, आणि पुढच्या घरी जाईल.

बहिणीकडे दोन झगे होते. त्यातला पिवळा, फ्रिलवाला, आईने तिच्या अंगावरून उतरवला. चार वर्षांच्या पोरीचा झगा तान्ह्याला, तो त्याच्या पायांखाली हातभर लोंबायचा. बहीण पाळण्याशी उभी राहून फ्रिल चिमटीत धरायची आणि आमच्याकडेच राहणारी आत्या तिच्या हातावर चापट मारायची. आणि गंमत ऐका. नजर चुकवायला एवढं सोंग, पण उंबऱ्यात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला आई स्वतःच सांगणार, मुलगा हाय बरं का, झग्यावर जाऊ नका! मग नजरेला काय ते ऐकू येत नव्हतं?

बाबा शहापूरच्या बाजारात एका कापडाच्या दुकानात कामाला होते. एकदा त्यांनी दुकानातून रविवारच्या पुरवणीचं रंगीत पान आणलं. युरोपातल्या कुठल्याशा राजघराण्यातलं बाळ आईच्या मांडीवर होतं, अंगात पांढरा लेसचा झगा, इतका लांब की पार जमिनीला टेकलेला. आईला वाचता येत नाही. तिने फोटो बघितला, पाळण्यात बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. म्हणाली, बघा, राजाच्या घरी पन तेच, त्यांना पन नजरेची भीती. आत्याने मान डोलावली, म्हणाली, एवढी गोरी माणसं, एवढा पैसा, पण वंशाच्या दिव्याला झगा घालायची अक्कल आहे त्यांना. बाबांना वाचता येत होतं, पण ते नुसते हसले आणि हात धुवायला गेले. मग भाताची शितं चोळून ते पान पाळण्यावरच्या भिंतीला चिकटवलं.

मी फोटोखालची ओळ वाचली. ती मुलगी होती. आजोबांनंतर तिचा बाप आणि बापानंतर तीच गादीवर बसणार. पाठीवर भाऊ झाला तरी गादी हिचीच, तसा कायदाच केलाय, असं लिहिलं होतं. मी मोठ्याने वाचून दाखवलं. मला वाटलं, घरात आता काहीतरी होईल. काय होणार, कपाळ! आत्या म्हणाली, पेपरवाले काय वाटेल ते छापतात. आईने चुलीजवळचा कालथा घेतला आणि ती ओळ भिंतीवरून खरवडून काढली. फोटो तसाच राहिला. येणाऱ्याजाणाऱ्याला ती दाखवायची, हा परदेशातला राजपुत्र, आमच्या बाळासारखाच नवसाचा. एका म्हातारीने तर त्याला हात जोडले.

त्या पावसाळ्यात बहिणीचा डावा कान फुटला. आम्ही दोघी एका गोधडीत झोपायचो. सकाळी माझा दंड तिच्या पुवाने चिकट झालेला असायचा, आणि त्या वासाने मला चहासुद्धा जायचा नाही. हाकललेल्या माशा परत तिच्या कानावरच येऊन बसायच्या. आईने लसूण घालून तेल कोमट केलं, कानात ओतलं आणि कापसाचा बोळा कोंबला. झालं औषध. भावाला मात्र एक शिंक आली की काळीपिवळी जीप आणि शहापूरचा डॉक्टर. त्या जीपमध्ये बहिणीला घेत नसत, तिचं काही त्याला लागेल म्हणून. एकदा निघताना मी आईला म्हटलं, जातेच आहेस तर हिला पण ने, डॉक्टर तोच, रस्ता तोच, कान तेवढा बघेल. आई भावाच्या गालावर काजळाची तीट लावत होती. मान वर न करता म्हणाली,

"पोरींना काय होत नाय गो. पोरींना कोण नजर लावतो?"

हे बोलताना तिला काहीच वाटलं नाही. तिच्यात दुष्टपणा असता तर भांडता तरी आलं असतं. ती तर मला धीर देत होती!

थंडीत म्हशाच्या जत्रेत जावळ निघालं. बोकड कापला, पाहुण्यांच्या पंगती उठल्या. गुरांच्या बाजारातलं शेण, नव्या घोंगड्या आणि मटण यांचा एकच वास नाकात बसला होता. न्हाव्याने भावाचं डोकं भादरलं, झगा निघाला आणि अंगात नवा सदरा चढला. झगा बहिणीला परत मिळाला. तिने तिथल्या तिथे तो घातला. शी, वर्षभराच्या मुताचा वास येत होता त्याला, धुऊनसुद्धा जात नव्हता. ती मात्र खुशीत गोल गोल फिरत होती, कानातला बोळा पिवळा झालेला. मी तिच्या डाव्या अंगाने हाका मारल्या. तिने वळून बघितलं नाही. जत्रेचा गोंगाट असेल, असं मी धरून चालले.

ती शाळेत जायला लागली आणि गुरुजींचा निरोप आला, पोरगी ढ आहे, विचारलेलं सांगत नाही, नुसती तोंडाकडे बघत बसते. मी तेव्हा शहापूरला कॉलेजात होते. तिथल्या वाचनालयात पेपर चाळताना ती राजकन्या पुन्हा भेटली. नाव वाचून ओळखली, नाहीतर कसली ओळखते. ती मोठी झाली होती, पाठीला दप्तर, एक हात आईच्या हातात, एक बापाच्या. शाळेत निघालेली, आणि फाटकाशी फोटोवाल्यांची ही गर्दी. अख्ख्या जगाची नजर तिच्यावर होती. लागायचीच तर हिला नको का लागायला? केस मागे बांधलेले, दोन्ही कान उघडे, छोटे आणि स्वच्छ. मी त्या कानांकडेच बघत बसले.

त्याच आठवड्यात मी बहिणीला घेऊन दुकानात गेले, बाबांना मालकासमोरून उठवलं आणि आम्ही डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं. पडदा पार गेलेला, आतलं हाडही सडलेलं. या कानाने तिला आता ऐकू येणार नाही, म्हणाले, आणि विचारलं, इतकी वर्षं काय करत होता? भावाला तपासणारे हेच डॉक्टर.

घरी आल्यावर आई खूप रडली. मग डोळे पुसले आणि म्हणाली, एक कान हाय ना, चालंल, लग्नाच्या टायमाला कोणाला सांगायचं नाय. त्या रात्री मी तिच्या हातचं जेवले नाही.

माझ्या पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले. मला मुलगी झाली. आईने तोंड वाकडं केलं नाही. शेकशेगडी, डिंकाचे लाडू, सगळं मायेने केलं, खोटं कशाला बोलू. पाळणा त्याच जागी बांधला होता. वरचा फोटो चुलीच्या धुराने तपकिरी झाला होता, पण कोणी काढला नव्हता.

एका सकाळी बाळाची अंघोळ झाली आणि बहीण काजळाची डबी घेऊन तिच्यापुढे बसली. आता ती सातवीला होती. तिने बाळाच्या गालावर तीट लावली, चांगली रुपयाएवढी. मग कपाळाला, मग तळपायाला. आई शेजारी लसूण सोलत होती. ती हसली.

"पोरीला कशाला गो तीट? पोरींना कोण नजर लावतो?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी काही बोलायच्या आत बघितलं, तर बहिणीचा हात थांबलाच नव्हता. जीभ दातांत धरून ती दुसऱ्या तळपायाला काजळ लावत होती. आई तिच्या डाव्या बाजूला बसली होती.