मास्तरांनी पुकारलेली कुस्ती

आमच्या घरात आजही कुस्तीचं नाव काढत नाहीत. काढलं तर मीच उठून जातो.

लालबागच्या आखाड्यात कुस्त्या पुकारायला साताऱ्याकडचा एक साचेवाला असे. गिरणीत कापड विणणाऱ्या साच्यांच्या खडखडाटावर ओरडून त्याचा गळा असा तयार झाला होता, की पुढच्यांच्या पागोट्यांमुळे ज्यांना काही दिसत नसे, त्या मागच्यांनाही कुस्ती कळावी. तो नुसते डाव सांगत नसे, माणूस सांगे. "आरं, दम लागला बगा गड्याला! सकाळच्याला भाकरी जास्त झालीया!" लोक हसत, पैलवानही हसे.

मला मात्र ती बोली कानाला बोचायची. मी गिरगावातला शाळामास्तर. ठाकूरद्वारच्या आमच्या बिऱ्हाडी मी त्याची नक्कल करून दाखवी. माझा धाकटा भाऊ त्याच आखाड्यात मेहनत करायचा. तो म्हणे, "दादा, हसतोस काय? त्याच्या नजरेतून काही सुटत नाही." मी म्हणे, नजर असेल, जीभ तेवढी धुऊन घ्यायला हवी. शहाणपणाचा मक्ता माझ्याकडेच होता ना!

त्या वर्षी मांडवीकडे गाठीचा ताप सुरू झाला. मग परळच्या गोदामांतही मेलेले उंदीर सापडू लागले. लोक गावाला पळत होते. उरलेले गाठ आली तरी लपवत, कारण कळलं की माणसाला उचलून इस्पितळात नेत, आणि तिथून परत आलेला आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता. अशात लोकांना धीर यावा म्हणून आखाड्याच्या मंडळींनी कुस्त्या ठरवल्या. खुर्च्यांवर गिरगावातले वकील, हेडक्लार्क येणार, म्हणून पुकारायला मला बोलावलं आणि साचेवाल्याला मागे बसवलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

भावाची कुस्ती शेवटची होती. समोर घोडपदेवचा गडी, दणकट, पण डोळे तांबारलेले. पहिली पकड घेताच भावाने चटका बसल्यासारखा हात सैल केला आणि माझ्याकडे पाहिलं. मी तिकडे लक्ष दिलं नाही. मी सांगत होतो, "प्रतिस्पर्ध्याने आता पवित्रा बदलला आहे."

मागून आवाज आला, "मास्तर, पवित्रा न्हाय त्यो! डावा पाय टेकवंना गडी, जांघंत दुखतंय त्याच्या. येवढी झोंबी झाली, अंगाला घाम न्हाय. सोडवा कुस्ती!"

खुर्च्यांवरची मंडळी माझ्याकडे बघू लागली. मला वाटलं, जागा गेली म्हणून हा पोटदुखीने बोलतोय. मी म्हणालो, "कृपा करून गप्प बसा. पुकारण्याचं काम आज माझ्याकडे आहे." तो पुन्हा ओरडला, तेव्हा दोघांनी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. कुस्ती पुढे बराच वेळ चालली. भाऊ जिंकला. मी ते फार सुंदर शब्दांत पुकारलं.

घोडपदेवचा गडी दुसऱ्या दिवशी गेला. चौथ्या दिवशी भावाला हुडहुडी भरली आणि जांघेत गाठ आली. हा ताप उंदरांवरच्या पिसवांमुळे होतो, असं डॉक्टर पुढे सांगू लागले. असेल. माझी त्याने सुटका होत नाही.

भाऊ गेला तेव्हा वाडीतली दारं पटापट लागली. तिरडीला चौथा खांदेकरी मिळेना. साचेवाल्याला कुणी सांगितलं कोण जाणे, तो लालबागहून चालत आला आणि त्याने खांदा दिला.

सोनापुरात चिता पेटल्यावर मीच त्याच्यावर उसळलो. "तुम्हाला दिसलं होतं ना? मग आणखी जोरात का नाही ओरडलात?"

तो जाळाकडे बघत होता. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

"वरडलो की, मास्तर. तुमच्यापत्तूर पोचला बी व्हता आवाज."