अंड्याचा गंज, अंड्याची ताटली

आमच्या घरी अंड्याला स्वतंत्र भांडं होतं, आणि ते भांडं घरात नव्हतं. गोठ्यातल्या खुंटीला, बैलांच्या झुलीशेजारी, एका मळक्या फडक्यात बांधलेलं ते लटकायचं. जर्मनचा एक बसका गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं, त्याचं झाकण आणि एक वाकडी ताटली. आई त्या गाठोड्याकडे साप बघावा तशी बघायची. अंडी खायची तर गोठ्यात, तीन दगडांच्या चुलीवर, पुरुषांनी स्वतः शिजवून. मग गंज राखेनं घासायचा, हातपाय धुवायचे आणि नंतरच उंबरा ओलांडायचा. तेवीस वर्षांचा होईपर्यंत त्या ताटलीशिवाय दुसऱ्या ताटलीत मी अंडं खाल्लं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जी शोभा झाली तीत माझ्या बाजूनं बोलणारी एवढी एकच गोष्ट आहे. तीसुद्धा अर्ध्या वाटेत मला सोडून गेली.

मी तेव्हा आर्वीला कापसाच्या एका जिनिंगमध्ये तोलाई कारकून होतो. माझ्यासमोरच्या टेबलावर जो कारकून बसायचा तो माझा दोस्त. आदल्या वर्षी दसऱ्याला तो आणि त्याची माय नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. आल्यावर त्यानं घरातले देव नदीत सोडले आणि ऑफिसात माझी बिडी पिणंही सोडलं. दुसऱ्या गोष्टीचं मला जास्त नवल वाटलं. दुपारच्या सुटीत आम्ही दोघं स्टेशनाजवळच्या इराण्याच्या हॉटेलात चहा प्यायचो. गावातल्या बाकीच्या हॉटेलांत त्याच्यासाठी कप वेगळा असायचा, बाहेरच्या कोनाड्यात पालथा घातलेला. इराण्याकडे सगळे कप सारखेच फुटके होते.

हा इराणी म्हातारा होता, एकटा होता आणि गिऱ्हाइकांवर सदा वैतागलेला होता. एके दुपारी आम्ही गेलो तर तो गल्ल्यामागे बसून काहीतरी खात होता. पिवळंजर्द, बोटभर जाड, बर्फीसारखं कापलेलं, वरून खरपूस. मी बघत राहिलो तसा त्यानं एक वडी उचलून माझ्या तळहातावर ठेवली. म्हणाला, "खाओ. पूछो मत."

मी खाल्लं आणि जागच्या जागी थबकलो. ते वांग्याचं भरीत होतं! आमचं भरीत, कापसाच्या पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेलं, शेतात ज्वारीच्या भाकरीवर घेऊन खायचं, ते. पण कोणीतरी त्याला अंड्यांत घालून, वरून खालून विस्तव देऊन, चौकोनी वड्या पाडल्या होत्या. ओळखीच्या माणसानं एकदम फेटा-बिटा बांधून समोर यावं आणि परक्या भाषेत बोलावं, तसं झालं.

"ये तो भरीत है!" मी म्हणालो.

"भरीत तुम्हारा होगा. ये हमारे घर का है," म्हातारा म्हणाला, आणि मग कधी नव्हे ते त्याचं तोंड सुटलं. वांगी भाजा, कांदा तुपात लाल करा, हळद, मिरी, मीठ, आठ अंडी, सगळं एकजीव करा. जाड बुडाचं, सपाट भांडं. खाली मंद निखारे, झाकणावर जास्त निखारे. "और बैंगन को पहले सुराख करो. नहीं तो बम है, बम!"

भरिताचं वांगं आम्हा वऱ्हाडी माणसांना शिकवायला निघाला, असं मनात म्हणून मी ते शेवटचं वाक्य तिथंच सोडून दिलं.

बाहेर पडल्यावर दोस्त म्हणाला, "माह्यी माय रोज एकच गोष्ट विचारते गड्या. तुह्या तो दोस्त, दोस्त म्हणतं, तो आपल्या घरी कधी जेवंल काय? मी म्हणतो, जेवंल. माय म्हणते, नाई जेवणार. बोलाले सारेच येते, ताटावर कोणी बसत नाई."

"मी बसतो ना!"

"मी तिले जबान देऊन बसलो हाये लेका. विचार करून बोल."

विचार करून बोलण्याची सवय असती तर मी आज हे लिहीत बसलो नसतो. मी रस्त्यात उभा राहून छातीवर हात मारला. म्हणालो, "नुसता जेवत नाही. तुझ्या मायच्या चुलीवर स्वतः रांधतो. हेच, इराण्याचं. येत्या रविवारी." तो माझ्याकडे बघतच राहिला. मला वाटलं, भारावला. खरं तर तो माझं तोंड लक्षात ठेवत होता, नंतर नक्कल करून मलाच दाखवायला.

रविवारी सकाळी आई देवळात गेल्याबरोबर मी सामान गोळा केलं. जिनिंगमधून आणलेल्या सरकीत आठ अंडी पुरून पिशवीत ठेवली. गोठ्यातून गंज, झाकण, ताटली घेतली. एक गिलास घेतला. तीन मोठी वांगी, कांदे, कागदात हळद. सगळं फडक्यात बांधलं आणि एखाद्या मोहिमेवर निघाल्यासारखा गावाच्या खालच्या अंगाला निघालो. सुधारक म्हणजे आणखी वेगळा काय असतो, असं मला वाटत होतं. दोन-तीन ओळखीच्यांना मुद्दाम "कुठे चाललास?" विचारायला लावलं आणि मुद्दाम सांगितलं.

त्यांचं अंगण त्या सकाळीच सारवलेलं होतं, ओलसर. ओसरीच्या भिंतीवर बुद्धाचं नवं कोरं चित्र होतं आणि त्याच्या आजूबाजूला जुन्या देवांचे रिकामे खिळे. माय बारीक चणीची, कपाळ मोकळं, डोळे धारदार. "ये बापू," म्हणाली. "खरंच आला तं." आणि लेकाकडे असं बघितलं की तो लाजून हसला. तिनं अंगणातली चूल पेटवून दिली. मी वांगी विस्तवात सारली, कांदे चिरले, रडलो, बढाया मारल्या. माय आत-बाहेर करत होती. तिच्या बोटांना चिंचेचा वास येत होता. तेव्हा मला कळलं नाही कशामुळे.

मग कळलं. ती घरातून तीन पितळी ताटं घेऊन बाहेर आली. चिंचेनं घासून घासून अशी केलेली की त्यांत ऊन मावेना. "हे दोन शेजारून आणले," ती म्हणाली. "एक आपलं हाय. आपलं तुले देतो."

नेमका त्याच क्षणी मी गंज काढण्यासाठी गाठोडं सोडत होतो. फडकं उलगडलं. गंज, झाकण, ताटली, गिलास. सगळं मी ओळीनं जमिनीवर मांडलं आणि शेवटी हौसेनं ताटली पंच्यानं पुसली.

माय थांबली. ताटं हातात तशीच. तिनं माझ्या ताटलीकडे पाहिलं, मग लेकाकडे. लेकाच्या तोंडावरचं हसू कोणी ओल्या फडक्यानं पुसून घ्यावं तसं गेलं.

"तू आपलं ताट घेऊन आला काय, बापू," ती म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "मी सांगतलंच होतं याले."

मला आधी कळेचना. मग कळलं, आणि माझ्या कानात जिनिंगचा भोंगा वाजायला लागला.

"नाही, नाही माय, तसं नाही!" मी उठून उभा राहिलो. "ही अंड्याची ताटली आहे. आमच्याकडे घरच्या भांड्यात अंडं चालत नाही. हे गोठ्यातलं गाठोडं आहे, बाटलेलं. आई याला हातसुद्धा लावत नाही!"

"म्हंजे तुह्या मायच्या घरात जे चालत नाई," ती शांतपणे म्हणाली, "ते तू आमच्या घरात आणलं."

एका खड्ड्यातून निघायला मी त्याच्या शेजारी दुसरा खणला होता, आणि तो पहिल्यापेक्षा खोल निघाला. मी दोस्ताकडे पाहिलं. तो म्हणाला, "आता बोलू नोको बाप्पा. तुह्यं तोंड लई महागात पडते." पण मायनं ताटं खाली ठेवली, माझ्यासमोर उकिडवी बसली आणि माझं सामान एकेक बोटानं मोजल्यासारखं दाखवलं.

"गंज अंड्याचा. बरं. ताटली अंड्याची. समजलं." मग तिचं बोट थांबलं. "अन् हा गिलास कायचा?"

मी गिलासाकडे पाहिलं.

गिलास गोठ्यातल्या गाठोड्यातला नव्हता. तो आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवरचा होता. म्हणजे मी गोठ्यातून घरात गेलो होतो, फळीपर्यंत हात नेला होता, तो उतरवला होता आणि फडक्यात ठेवला होता. हे सगळं माझ्याच हातांनी केलं होतं आणि करताना मला कळलंही नव्हतं. अंड्याला भांडं वेगळं लागतं, हे मी दहा वेळा शपथेवर सांगू शकलो असतो. पाण्यात अंडं नसतं. पाणी तिच्या मडक्यातलं असणार होतं आणि गिलास माझा. छातीवर हात मारणारा मी एकटा नव्हतो तर! माझ्या आत आणखी एक जण बसलेला होता, आणि त्यानं मला न विचारता सामान बांधलं होतं.

"अंडी फेटायला," मी म्हणालो.

"आठ अंडे? त्या गिलासात?" दोस्त म्हणाला.

कुंपणापलीकडे शेजारणी ऐकत होत्या, त्यांच्या बांगड्याही वाजेनाशा झाल्या. मी खाली बघत होतो. चुलीतलं एक वांगं फुगून काळं झालं होतं, तेवढं मात्र दिसत होतं. आणि इराण्याचं शेवटचं वाक्य मला तेव्हा आठवलं.

वांगं फुटलं. नुसतं फुटलं नाही, उडालं. राख, सालं आणि उकळता गर माझ्या डाव्या गालावर आणि पापणीवर येऊन बसला. मी अशी बोंब ठोकली की त्यांच्या कोंबड्या छपरावर गेल्या. मी आंधळ्यासारखा चाचपडत "पाणी! पाणी!" करत होतो, आणि उजव्या डोळ्यानं जे दिसलं ते आजही तसंच दिसतं. माय धावत मडक्याकडे गेली. तिचा हात जवळ पडलेल्या माझ्या गिलासाकडे गेला. थांबला. तिनं गिलास बाजूला सारला, आपला लोटा मडक्यात बुचकळला आणि माझं डोकं धरून सगळं पाणी तोंडावर ओतलं. नाकातोंडात गेलं. अर्धं मी प्यालो.

"गेलं ना पोटात?" ती म्हणाली. "आता बस."

पुढचा स्वयंपाक मी एका डोळ्यानं केला. उरलेली दोन वांगी दोस्तानं काडीनं टोचून टोचून त्यांची चाळणी केली. अंडी माझ्याच गंजात पडली, कारण बाकी भांड्यांचं बूड गोल होतं. मायनं स्वतः झाकणावर निखारे रचले. आमची माणसं कणकेचे पानगे भाजतात तसे, बाजूनं राख लावून, आणि मला हात लावू दिला नाही. तरी मीठ मी दोनदा घातलंच होतं, आणि गडबडीत हळद हळदीसारखी न पडता भिंतीला फासायच्या पिवळ्या पेवडीसारखी पडली होती. गंज उपडा केला तर खालचा थर कोळशाचा, मधला वांग्याचा आणि वरचा कसला ते सांगता येणार नाही.

मायनं मोठ्यातला मोठा तुकडा आपल्या पितळी ताटात घातला आणि माझ्यासमोर ठेवला. लख्ख ताटात तो आणखीच काळा दिसला. ती समोर बसून राहिली. लेकाची जबान, तिची सकाळपासूनची घासघास, शेजारणींचे कान, सगळं त्या तुकड्याभोवती जमलं होतं. मी खाल्लं. खारट, कडू, करपलेलं, सगळं. पाणी मागितलं. तिनं लोट्यानं दिलं. पुन्हा मागितलं. दोस्त म्हणाला, "मायचं मडकं रिकामं करतं काय आता? पटलं ना रे आमाले, पेतं म्हून!" तेव्हा कुठे ती हसली. माझी ताटली मात्र तशीच पडून होती, कोरडी.

निघताना मी गाठोडं बांधायला लागलो. मायनं गिलास उचलून घेतला. "हा इथंच राहू दे. तुह्या कामाचा हाय."

त्या हिवाळ्यात मी बऱ्याचदा त्यांच्याकडे गेलो, आणि प्रत्येक वेळी तिनं मोठ्यानं हाक मारली, "बापूचा गिलास आन रे!" तो ओसरीच्या कोनाड्यात पालथा घातलेला असायचा, एकटा. घरचे, आलेले-गेलेले सगळे लोट्यानं, वाटीनं, कशानंही पाणी प्यायचे. मी माझ्या गिलासानं. नवं कोणी पाहुणं आलं की दोस्त खुलासा करायचा, "याचं वेगळं राह्यते. यानं सोताच आणलं." मी हसायचो आणि प्यायचो. दुसरं काय करणार? घरी आईनं एकदा विचारलं, फळीवरचा एक गिलास कुठं गेला. हरवला, म्हणालो.

पुढच्या उन्हाळ्यात एकदा भर दुपारी गेलो. घसा सुकलेला. सवयीनं कोनाड्याकडे पाहिलं तर तो रिकामा. मी उगाच इकडेतिकडे शोधायला लागलो. माय मिरच्या कुटत बसली होती.

"गिलास नाही दिसत, माय."

"त्यात तिखट भरलं. डबा फुटला होता."

"मग मी पाणी कशानं पिऊ?"

तिनं मुसळ थांबवलंही नाही. "बाकीचे कायच्यानं पेते रे, बयताडा? त्याच्यानंच पे."